हौद्यातला यम आणि कंपनीचा दिवा

आमचे आबा एकोणीस वेळा मेले. एकदा उंचावरून पडून, एकदा फोर्कलिफ्टखाली, दोनदा शॉक लागून आणि उरलेल्या सगळ्या वेळा हेल्मेट न घातल्यामुळे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मरायचं, सामोशाचं पाकीट घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फर्स्ट शिफ्टला वेळेवर हजर व्हायचं, असा त्यांचा शिरस्ता.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटी खात्यात आहे, तिथे गाड्यांच्या पोटातल्या वायरींच्या जुड्या तयार होतात. दर मार्चमध्ये आमच्याकडे सुरक्षा सप्ताह असतो. घोषवाक्यं होतात, पोस्टरं लागतात, हात पुढे करून शपथ घेतली जाते आणि शेवटच्या संध्याकाळी कामगारांच्या कुटुंबांसमोर नाटक होतं. नाटक दर वर्षी नवं लिहिलं जातं, असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात एक कामगार नियम मोडतो, मरतो, यमराज येतात आणि त्याला हेल्मेटचं महत्त्व समजावून सांगतात. मेलेल्या माणसाला हे सांगून काय फायदा, हा प्रश्न मी लेखक-दिग्दर्शक या नात्याने बारा वर्षं यशस्वीपणे टाळत आलो आहे.

यमाची भूमिका नेहमी एचआरचे साहेब करायचे. त्यात वशिला नव्हता, अनुभव होता. मढ्याची भूमिका आबांची. आबा क्रिम्पिंगच्या मशीनवर, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवायच्या कामावर. मूळचे मोशीचे. त्यांच्या जमिनीवर आता चौदा मजली इमारती उभ्या आहेत, त्यांच्या मधोमध आबांचं घर, अंगण आणि एक म्हैस टिकून आहे.

फेब्रुवारीत एके दिवशी कँटीनमध्ये आबा माझ्यासमोर ताट घेऊन बसले.

“साहेब, महिन्याभरात मी सुटतोय.”

“माहितीये, आबा. निरोपाचं भाषण मीच लिहितोय.”

“भाषण ऱ्हाऊ द्या. एकोणीस वर्सं झाली, मी नुसता पडून हाय. यंदा उभं ऱ्हायाचं म्हनतो.”

“म्हणजे?”

“यम करतो.”

मी वरणात चमचा फिरवत राहिलो. आबांना स्टेजवर एक शब्द बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून?

“आमच्या मंडळींनी एकदाबी नाटक बघितलं न्हाई,” आबा हळू आवाजात म्हणाले. “म्हनती, जित्या नवऱ्याचं मढं बघायला मी काय येडी हाय? अपशकून असतोय. यंदा यम झालो तर येती म्हनली.”

यापुढे नाही म्हणायला मी काही दगड नाही. एचआरच्या साहेबांनी मोठ्या मनाने मुकुट सोडला. तो त्यांना दोन वर्षांपासून घट्टच होत होता.

आता मढं शोधायचं होतं. अख्ख्या प्लांटमध्ये एक माणूस मरायला तयार होईना. कुणाची साडेसाती चालू, कुणाची बायको पोटुशी, कुणाला पाठीचा त्रास. शेवटी दिग्दर्शकानेच त्याग केला. मी मेलो. लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजना आणि प्रेत अशी चार कामं माझ्याकडे आली आणि मनातून मला भलताच आनंद झाला.

मरण्याचं प्रशिक्षण आबांनी दिलं.

“श्वास छातीत न्हाई, पोटात घ्यायचा. सदरा ढिला घाला, म्हंजी पोट दिसत न्हाई.” माझ्या पोटाकडे बघून ते थांबले. “तुमी लईच ढिला घाला. अन् डोळं एकदा मिटलं की मिटलं. माशी बसू दे, टाळ्या पडू दे, मढ्यानं बघायचं न्हाई. बोलायचं तर अजाबात न्हाई.”

“आबा, मी कॉलेजात बक्षिसं घेतलीयेत.”

“ती बोलायची. हे अवघड हाय.”

आता रेड्याची गोष्ट. यम म्हटला की रेडा पाहिजे. आजवर पुठ्ठ्याचा असायचा. या वेळी माझ्या डोक्यात कल्पना चमकली की माझी पिकअपच रेडा होईल आणि तिचा हौदा म्हणजे स्टेज. ही पिकअप मी पन्नाशीत प्रवेश करताना, कुणालाही न विचारता घेतली. पुढे चौघांची ऐसपैस केबिन आणि मागे उघडा हौदा. आमच्या घरात तिच्याबद्दल एकच मत आहे: “एवढा मोठा हौदा, आणि मंडईतून आणता काय? कोथिंबीर!” त्यामुळे तिचा काही उदात्त उपयोग करून दाखवणं मला गरजेचंही होतं.

या गाडीच्या केबिनच्या पाठीला, हौद्यावर प्रकाश पडावा म्हणून, गाडीच्या कंपनीनेच एक लहानसा दिवा दिलेला आहे. गाडीचं दार उघडलं की तो लागतो आणि दार लावलं तरी चालू राहतो. मी ठरवलं, हौद्याच्या काठाखाली लाल एलईडीच्या पट्ट्या लावायच्या आणि त्यांना वीज या कंपनीच्या दिव्यातून द्यायची. यम उभा राहील तेव्हा पायापासून मुकुटापर्यंत लालेलाल! मला ते स्वप्नात दिसलं होतं.

तरी रीत म्हणून भोसरीतल्या चाचांकडे गेलो. चाचा गाड्यांची वायरिंग करतात. साठीचे, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. तालुक्यातल्या निम्म्या टेम्पोंचे भोंगे त्यांनी बसवलेत. त्यांनी माझा बेत ऐकला आणि मान हलवली.

“कंपनीच्या दिव्यातून घेऊ नका, साहेब. बॅटरीवरून सरळ नवी वायर काढतो. मध्ये फ्यूज, रिले, आणि तुमच्या हाताशी एक बटण. दीड तासाचं काम आहे.”

“चाचा, त्यासाठी केबिनला भोक पाडावं लागेल.”

“मग वायर आत जाणार कशी? दुआ करून?”

मी खिशातून माझी करामत काढली. मी उभं आयुष्य वायरींत काढलेला माणूस. जिथे वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली दिसते, तो माल मी रिजेक्ट करतो. तेव्हा स्वतःच्या गाडीची वायर कापणं म्हणजे भटजीने मटणाचं दुकान टाकण्यासारखं. म्हणून मी दुहेरी कनेक्टर तयार केला होता. दिव्याचा प्लग काढायचा, मध्ये हा खोचायचा, एक फाटा दिव्याला, दुसरा माझ्या पट्ट्यांना. कुठे काप नाही, टेप नाही, भोक नाही. कनेक्टर आले कुठून हे विचारू नका. रिजेक्ट माल होता, आणि रिजेक्ट करणाराही मीच. टोकं मात्र आबांनी स्वतः दाबून दिली होती.

चाचांनी चष्मा खाली ओढला आणि तो जोड उलटसुलट पाहिला.

“काम नफीस आहे. बोटं कुणाची?”

“आमच्या यमाची.”

“पण एक लक्षात ठेवा, साहेब. हा दिवा कंपनीचा आहे. कंपनीच्या मर्जीनं लागतो, कंपनीच्या मर्जीनं विझतो.”

मी डोळे मिटून “वाह!” म्हटलं. चाचांना शेरोशायरीचा नाद आहे, मला वाटलं, ऐकवला एक. चाचांनी जोड मला परत दिला, चष्मा वर सरकवला आणि समोरचा अर्धवट उघडलेला भोंगा पुन्हा हातात घेतला.

रविवारी मी पट्ट्या बसवल्या. बावीस मुद्द्यांचं चेकशीट केलं, कारण त्याशिवाय मला झोप लागत नाही. पट्ट्या किती वीज ओढतात, मोजली. जोड ओढून पाहिला, त्यावर पाण्याचा पाइप मारला, फ्यूजचं माप ताडून पाहिलं. बावीसच्या बावीस बरोबर. दिवा किती वेळ चालू राहतो, हा तेविसावा मुद्दा माझ्या चेकशीटवर नव्हता.

तालमी मोशीला आबांच्या अंगणात झाल्या. वहिनी, म्हणजे आबांच्या मंडळी, तेवढा वेळ घराचं दार लावून बसायच्या. बघायचं ते कंपनीतच, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रेक्षक म्हणून म्हैस असायची, आणि ती फार चोखंदळ होती. आमचे प्रॉम्प्टर स्टोअरमधले भाऊ. ते केबिनमध्ये बसत आणि मागची काच सरकवून वाक्यं पुरवत. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात सदैव तंबाखू. दर तीन-चार मिनिटांनी दार उघडायचं, पच्च करायचं, दार लावायचं.

“भाऊ, गंभीर प्रसंगात तरी थुंकू नका हो!” मी हौद्यातून, मेलेल्या अवस्थेत ओरडायचो.

“साहेब, गिळलं तर खरंच मरंन.”

पंधरा मिनिटांचं नाटक आम्ही आठ वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं. दिवे आठही वेळा पंधरा मिनिटं झळझळीत. आबांचं शेवटचं भाषण, दीड पानाचं, त्यांनी मशीनवर काम करता करता पाठ केलं होतं. दर क्रिम्पला एक शब्द. त्यामुळे ते खाडखाड बोलायचे, पण एक शब्द चुकायचा नाही.

आणि ती संध्याकाळ आली. पार्किंगमध्ये चारशे खुर्च्या. सूर्य नुकताच बुडालेला. आवारातला मोठा लाइटचा खांब मीच बंद करायला लावला. सेफ्टीवाले तयार नव्हते, पण मी त्यांना कलेचं असं काही व्याख्यान दिलं की त्यांनी कंटाळून बटण बंद केलं. गाडीचं इंजिन बंद ठेवायचा त्यांचा नियम मी उदारपणे मान्य केला. तिसऱ्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आबा गाडीच्या आडून दर मिनिटाला त्यांना बघत होते.

“आली हाय,” ते मला म्हणाले. मुकुटाखाली घाम होता.

“आबा, निर्धास्त राहा. दिवे माझ्यावर, भाषण तुमच्यावर.”

भाऊंनी दार उघडून लावलं. हौदा लाल झाला. लोकांनी “ओ!” केलं. तिथेच माझं अर्धं मरण सार्थकी लागलं.

मी हेल्मेट न घालता शिडीवर चढलो, पडलो, मेलो. श्वास पोटात घेतला. माझ्या बायकोचं काम करणाऱ्या पॅकिंगमधल्या ताई धाय मोकलून रडल्या, जरा जास्तच मनापासून. मग पावलं वाजली. आबा केबिनवरून हौद्यात उतरले. एक वहाण माझ्या कानापासून चार बोटांवर टेकली.

“मी यम!” आबा गरजले.

काय आवाज होता! माझ्या पाठीखालचा पत्रा थरथरला. एकोणीस वर्षं साठवलेला आवाज होता तो.

“मी कुनाला बोलावनं धाडत न्हाई! तुमीच मला बोलावता! कधी घाईनं, कधी...”

आणि माझ्या मिटलेल्या पापण्यांमागचा लाल रंग काळा झाला.

आबा थांबले. चारशे माणसं थांबली. काळोखात खुर्च्या करकरल्या. कुणी तरी मोबाइल शोधत होतं. आणि तिसऱ्या रांगेतून वहिनींचा आवाज, अगदी स्वच्छ:

“आता गं बया! परत मेले व्हय?”

मी हौद्यात पडलो होतो. जोड तुटला? शक्यच नाही, मी स्वतः ओढून पाहिला होता. फ्यूज? ताडून पाहिलेला. मग माझ्या कानात चाचा बोलले. कंपनीच्या मर्जीनं लागतो, कंपनीच्या मर्जीनं विझतो. तो शेर नव्हता हो! गाडीच्या संगणकाला वाटलं, दहा मिनिटं झाली, मालक दिवा विसरला, बॅटरी उतरेल. त्याने गुमान विझवला. तालमीत का विझला नाही? कारण दर तीन मिनिटांनी दार उघडत होतं आणि दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली जात होती. आणि आज दार का उघडलं नाही? कारण गेटवर सिक्युरिटीने भाऊंची पुडी काढून घेतली होती, आणि सुरक्षा सप्ताहात, प्लांट हेडसमोर, भाऊ आयुष्यात पहिल्यांदा कोरड्या तोंडाने बसले होते. माझी सगळी प्रकाशयोजना त्यांच्या थुंकीवर चालली होती!

डोक्याजवळ आबांचा श्वास ऐकू येत होता. तो फार वेगाने चालला होता. ते पुढचा शब्द शोधत नव्हते, तो त्यांना येत होता. ते उजेडाची वाट बघत होते, कारण त्यांना तिसऱ्या रांगेपर्यंत दिसायचं होतं.

मी प्रेत होतो. मी बोलायला नको होतं.

“भाऊ!” मी ओरडलो. “थुंका!”

काचेमागून भाऊंचा घाबरा आवाज आला: “काय?”

“थुंका! दार उघडा आणि थुंका!”

“साहेब, आईशप्पत, तोंडात काही न्हाई!”

“मग नुसतं दार उघडा!”

दार उघडलं. हौदा लाल झाला. मी डोळे किलकिले केले. आबा गदा खांद्यावर टाकून माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत एकोणीस वर्षांचा हिशेब होता.

“मढ्या,” आबा म्हणाले, “बोलला कोन?”

“मी, महाराज.”

“एकोनीस वर्सं मी मेलोय. फोर्कलिफ्टखाली मेलो. एकदातरी तोंड उघडलं का?”

मागच्या रांगांतून शिट्टी आली. क्रिम्पिंगची अख्खी लाइन उभी राहिली.

“नाही, महाराज.”

“ह्या दिव्याची वायर कुनी जोडली?”

“मी.”

“भोक पाडून, बटन बशिवलं का?”

“नाही. गाडीच्या दिव्यातूनच घेतली.”

“कुनी इशारा दिला व्हता?”

“चाचांनी दिला होता.”

“मग?”

“मी... वाह म्हणालो.”

हे कुणाला कळलं असेल असं वाटत नाही, पण हशा प्रचंड पडला. आबांनी गदा उचलून तो थांबवला. हे त्यांना कुठून सुचलं कोण जाणे.

“बघा,” ते लोकांना म्हणाले. “ही चूक अडान्यानं केली न्हाई. ज्याला समदं येतं त्यानं केली. माज्याकडं अडानी मान्सं लई कमी येत्यात. ती भीत्यात, इचारत्यात, वाचत्यात. मी नेतो ती हीच, वीस-वीस वर्सं काम केलेली.” मग खाली माझ्याकडे वळून: “डोळं मीट. श्वास पोटात.”

मी मिटले. आबांनी भाषण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. दीड पान, खाडखाड, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दर दोन मिनिटांनी भाऊ प्रामाणिकपणे दार उघडत होते आणि लावत होते, आणि लोक त्यालाही टाळ्या देत होते. नाकावर एक डास बसला. मी हललो नाही.

पडदा नव्हताच, त्यामुळे शेवटी सगळे हौद्याभोवती गोळा झाले. प्लांट हेडनी आबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मग मला म्हणाले, “दिवा गेल्याचं मूळ कारण उद्या सकाळपर्यंत लेखी द्या.” मी दिलं. मूळ कारण या रकान्यात लिहिलं: प्रॉम्प्टरने नियम पाळला.

वहिनींनी गर्दी ओसरू दिली आणि मग पुढे आल्या. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, “तुमी नीट मेला न्हाईत.” बस, एवढंच. आबांना काहीच नाही.

मी सगळ्यांना मोशीला सोडायला निघालो. भाऊ माझ्या शेजारी, मागे आबा आणि वहिनी. आबांनी मुकुट काढायला साफ नकार दिला.

“साहेब, मी कसा झालो?” त्यांनी विचारलं.

“आबा, आवाज जबरदस्त. पण कसे दिसलात ते मला माहीत नाही. माझे डोळे मिटलेले होते.”

आबांनी गदा मांडीवर आडवी घेतली.

“आता कळलं का?” आबा म्हणाले. “एकोनीस नाटकात व्हतो मी. एकबी बघितलं न्हाई.”

चाकणच्या चौकात नेहमीसारखं सगळं ठप्प होतं. कंटेनर, बसेस, शिफ्ट सुटलेल्या दुचाक्या. गेटवर परत मिळालेली पुडी भाऊंनी एव्हाना कामाला लावली होती. त्यांनी दार उघडलं, पच्च केलं. हौदा लालभडक झाला.

मागचा एक दुचाकीवाला दचकला. हेल्मेट त्याच्या कोपराला अडकवलेलं होतं. त्याने उजेड कुठून आला ते बघायला मान पुढे काढली, आणि बाजूच्या उघड्या खिडकीतून आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मुकुट, मिशा, मांडीवर गदा.

“घाल, भावा,” आबा शांतपणे म्हणाले.

त्याने घातलं. पट्टासुद्धा लावला.

आबा सीटवर मागे रेलले. “बघितलंस का?” त्यांनी वहिनींना विचारलं.

वहिनी समोरच्या कंटेनरकडे बघत होत्या. मांडीवरची पर्स आता त्यांनी सैल सोडली होती.

“गप बसा,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने: “बघितलं. समदं बघितलं.”